उंबरगव्हाणचा चिंध्यांचा झोका

माळाच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे, उंबरगव्हाण नावाचे गाव आहे. हरबाजी महाराज तिथे कुठून आले हे गावाने विचारले नाही आणि महाराजांनीही कधी सांगितले नाही. ओढा ओलांडून माळावर गेले की महादेवाचे देऊळ. देवळाशेजारी जुना वड आणि वडाच्या पलीकडे एक पडकी विहीर. देवळाच्या ओसरीत महाराजांचे आसन असे. आसन म्हणजे काय, तर एक वाकळ. अंगावर दुसरी वाकळ. थंडीत तीच पांघरायची, उन्हात तीच डोक्यावर घ्यायची, आणि एखादे लेकरू खेळता खेळता तिथेच झोपले की त्याच्या अंगावर ती घालून महाराज उघडेच बसायचे. त्या वाकळेतले तुकडे मोजायला मुले बसत. दर वेळी हिशेब चुके आणि दर वेळी महाराज पोट धरून हसत.

ही वाकळ ठकूबाईने शिवलेली. ठकूबाई एकटी बाई होती. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. सकाळी ती लोकांची दळणे दळायची आणि दुपारी ओसरीत येऊन बसायची. गळ्यात तुळशीची माळ, पदराला टोचलेली सुई आणि काखेत चिंध्यांचे गाठोडे. ती आली की गावातली मुले कुठूनतरी धावत येत.

"मावशी, माझा चेंडू उसवला!"

"मावशी, माझ्या बाहुलीला डोळाच नाही!"

"डोळा मी दिला होता बाई, तू हरवलास," असे म्हणत ठकूबाई काळ्या दोऱ्याचे चार टाके घाली की बाहुली बघू लागे. जुन्या धोतराचे चेंडू, सागरगोट्यांसाठी बटवे, आयांच्या घागरीखाली चुंबळी, नव्या बाळाला कुंची, असे सगळे त्या गाठोड्यातून निघे. ती नुसते करून देत नसे, मुलांच्या हाताला लावी. वाकडा टाका पडला तरी उसवू देत नसे. "राहू दे. वाकड्या टाक्यालासुद्धा धरता येतं," म्हणायची.

तिची नजर मंद झाली होती. म्हणून महाराज स्वतः सुईत दोरा ओवून देत. एवढे मोठे साधुपुरुष, पण दोऱ्याचे टोक जिभेवर भिजवून, एक डोळा मिटून बसत!

श्रावण लागला. नागपंचमी जवळ आली. पंचमीला मुली झोके घेतात, ते आपल्याला ठाऊकच आहे. उंबरगव्हाणात मात्र एकच झोका बांधला जाई, तो मानाजीराव देशमुखांचा. देशमुख गावचे मोठे घर. वडाच्या फांदीला ते जाड, नवा दोर बांधवीत. झोक्याजवळ त्यांचा गडी उभा असे. देशमुखांच्या नात्यातल्या मुली आधी झुलत. बाकीच्या पोरी उभ्या राहून बघत, आणि त्यांची पाळी येईपर्यंत दिवस मावळे.

त्या वर्षी एक मुलगी महाराजांना म्हणाली, "महाराज, आम्हाला आमचा झोका पाहिजे."

महाराज म्हणाले, "मग करा की. दोर नसेल तर ठकूच्या गाठोड्यात आहेच."

"चिंध्यांचा?"

"तुझी वेणी कशाची आहे? एकेक केस तर किती बारीक! पण कोणी ओढली म्हणजे कळतं."

मुले हसली आणि कामाला लागली. घरोघरी जाऊन त्यांनी जुनेर आणले. गावकुसाच्या आतून आणले, गावकुसाबाहेरून आणले. कोणाचे फाटके लुगडे, कोणाची मुंडाशाची पट्टी, कोणाच्या गेलेल्या आजोबांचे धोतर. पट्ट्या हाताने फाडायच्या, तीन पदरी वेणी घालायची, जोडावर ठकूबाईने दुहेरी दोऱ्याने टाके घालायचे. ओसरीभर रंगीत वेण्या पसरल्या. एका टोकाला बसायला ठकूबाईने चिंध्यांचीच जाड गादी शिवून घट्ट जोडली.

"प्रत्येक घरची एक चिंधी पाहिजे," महाराजांनी सांगून ठेवले होते. म्हणून ठकूबाई देशमुखांच्या दारीही गेली.

मानाजीराव पायरीवर पान खात बसले होते. डोक्याला जरीचा लाल पटका होता. त्यांच्या वडिलांचा पटका होता तो, आणि तो डोक्यावर चढवल्याशिवाय मानाजीराव उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

"काय ठकूबाई, आता झोकासुद्धा चिंध्यांचा?"

"होय सरकार. आपल्या घरचं एखादं जुनेर मिळालं असतं तर..."

"आमच्या घरात चिंध्या होत नाहीत!" देशमुख मोठ्याने हसले. गडीही हसले. "आणि असत्या तरी दिल्या नसत्या. कुठल्या कुठल्या घरच्या चिंध्या एकात वळताय, शोभतं का देवळासमोर? सांग तुझ्या बुवाला, झोका तुटला की पोरं माझ्याच दारी रडत येतील."

ठकूबाई खाली मान घालून परत आली. डोळे पुसत तिने सगळे सांगितले. महाराजांनी शांतपणे विचारले, "दोरीचं वरचं तोंड मिटलंस का?"

आता इथे त्या गावची एक रीत सांगायला हवी. उंबरगव्हाणात गोधडी शिवून होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा लहानसा घास ठेवतात आणि मग टाका घालून तोंड मिटतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, अशी समजूत. दोरीलाही तसाच घास भरवायचा, असे मुलांनी ठरवले होते.

"नाही महाराज, घास भरवायचा राहिलाय."

"मग राहू दे. तोंड मिटू नकोस. अजून एक घर यायचं आहे."

पंचमी उजाडली. त्या दिवशी आपल्याकडे काही चिरायचे नाही, कापायचे नाही, नांगर धरायचा नाही, सुईसुद्धा हातात घ्यायची नाही. विळ्या, कोयते, सुया सगळे घरोघर ठेवून दिलेले. उकडलेली पुरणाची दिंडे घेऊन गाव माळावर लोटले. श्रावणाची भुरभुर चालू होती. देशमुखांचा झोका वडाला आदल्या दिवशीच बांधला होता. रात्री कोणी सोडून नेऊ नये म्हणून त्यांनी गड्यांकडून फांदीवर गाठीवर गाठ मारून घेतली होती. मुले आपली रंगीत दोरी खांद्यांवरून मिरवत आणत होती, जणू पालखीच!

"आली बघा चिंध्यांची वरात!" देशमुख बाजेवरून ओरडले.

एवढ्यात त्यांची नजर आपल्या नातीवर गेली. चंद्रा तिचे नाव, सहा-सात वर्षांची. ती मुलांच्या दोरीकडे पळत निघाली होती आणि तिच्या काखेत एक चिंध्यांची बाहुली होती. ठकूबाईने गुपचूप दिलेली.

"हे काय? आपल्या घरात हे?" देशमुखांनी बाहुली ओढून घेतली आणि रागाने दूर भिरकावली. ती गेली ती थेट पडक्या विहिरीत!

"माझी बाहुली!" म्हणत चंद्रा धावली. विहिरीचा काठ शेवाळलेला. कोणी हाक मारीपर्यंत पोरीचा पाय सरकला.

माळावर एकच किंकाळी उठली. सगळे काठाशी धावले. देवाची दया, पोर तळाला गेली नव्हती. खाली अर्ध्यावर विहिरीच्या भिंतीतून उंबराचे झाड फुटले होते, त्याच्या मुळाशी एका कपारीत ती बसली होती. पण कपारीची माती तिच्या पायाखालून ढासळत होती, आणि खाली पावसाचे काळे पाणी. उतरायला पायऱ्या कधीच्या पडल्या होत्या.

"दोर! अरे झोका सोडा!" मानाजीराव ओरडले.

गडी वडावर चढले. पण भुरभुरीत भिजून त्या गाठी फुगल्या होत्या, दगड झाल्या होत्या. नखे तुटली, गाठ सुटेना. कापावा तर माळावर कोणाजवळ विळा नाही की सुरी नाही. एक गडी ओढ्यापलीकडे गावाकडे पळाला. पण तो येईपर्यंत कपार थांबणार होती का?

"आबा!" खालून बारीक आवाज आला. "माती पडतेय!"

महाराज उठले. म्हणाले, "पोरांनो, आपला झोका सोडा."

चिंध्यांची दोरी विहिरीत उतरू लागली. पिवळी, निळी, विटकी, सगळ्या गावाची जुनेरे खाली खाली गेली. आणि थांबली. गादी चंद्राच्या डोक्याच्या बरीच वर लोंबत राहिली.

"पुरत नाही, महाराज!" ठकूबाई कळवळली.

"दोरी एका घराने कमी पडते आहे," महाराज म्हणाले. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. पण सगळ्या गावाने पाहिले.

मानाजीरावांचा चेहरा उतरला. त्यांनी खांद्यावरचा शेला घाईने काढला. "घ्या, ह्याची पट्टी फाडा! फाडा लवकर!" चार जणांनी ओढले. पण विणीचे जाड काठ, हाताने फाटेनात. आखूड शेला तसाच बांधून काय पुरणार!

"कोणीतरी कापा रे!" देशमुख रडकुंडीला आले.

महाराज जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज काही कापायचं नसतं, मानाजीराव. आज द्यायचं तर अख्खं."

देशमुखांचा हात डोक्याकडे गेला. क्षणभर तिथेच थांबला. भरल्या गावात, सणाच्या दिवशी, उघड्या डोक्याने उभे राहायचे! त्यांच्या घराण्यात असे कोणी केले नव्हते. इतक्यात खालून पुन्हा हाक आली. हाक कसली, नुसता हुंदका होता.

मानाजीरावांनी पटका काढला. तो उलगडता उलगडेना, इतका लांब होता. त्यांनी तो ठकूबाईपुढे धरला.

"बाई, तुझ्या हातानं बांध."

दोरीचे तोंड उघडेच होते. ठकूबाईने पट्ट्यांच्या मोकळ्या पदरांत जरीचा पटका ओवला आणि गाठ मारली. महाराजांनी त्या गाठीवर नुसती बोटे टेकवली. पटक्याचे टोक स्वतः देशमुखांनी कमरेला गुंडाळले. मागे कुंभार, कोळी, न्हावी, गावकुसाबाहेरचे जवान, जो तो धरायला आला. कोणी कोणाला सरक म्हटले नाही.

दोरी उतरली.

"आली! आली!" खालून आवाज आला.

"बस बाळ, गादीवर बस! घट्ट धर!"

"आधी हिला वर घ्या."

"कोणाला?"

"बाहुलीला. ती पण इथंच अडकलीय."

"अगं पोरी, तू बस आधी!"

"नाही! तुम्ही परत टाकाल तिला!"

त्या घोर प्रसंगातही दोघातिघांना हसू आवरले नाही. मानाजीराव विहिरीच्या काठावर आडवे झाले आणि रडत ओरडले, "नाही टाकणार गं! महादेवाची आण! तिला मांडीवर घेऊन ये, पण ये!"

मग पोर बसली. बाहुली मांडीवर घेतली. आणि "हर हर महादेव!" म्हणून गावाने ओढले. ज्या दोरीला सगळे हसले होते तिचा एक टाका उसवला नाही. पायांखालची कपार धाडकन पाण्यात कोसळली, तेव्हा चंद्रा तिच्या वर हातभर अधांतरी झुलत होती! वर आली तेव्हा गालाला चिखल आणि तोंडभर हसू. म्हणाली, "आबा, पहिला झोका माझा झाला!"

केवढा आनंद झाला! बायांनी तिला कवटाळले, मुले नाचू लागली, देवळातली घंटा कोणीतरी वाजवीतच सुटले.

गलका शांत झाल्यावर एका म्हाताऱ्याला शंका आली. त्याने दोरी पटक्यासकट पुन्हा विहिरीत सोडायला लावली. सगळे वाकून बघू लागले. दोरी पूर्ण उतरली, पटक्याचे टोक काठाशी धरले, तरी गादी उंबराच्या शेंड्यापाशीच राहिली. कपार होती ती जागा खाली, आणखी पुरुषभर खोल! पुन्हा सोडली, तेवढीच. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

ठकूबाईने हात जोडले. "महाराज, मग मघाशी पोचली कशी?"

महाराज हसले. "मला काय ठाऊक? मी सुईत दोरा ओवतो, एवढंच. सगळं गाव एका दोरीत आलं, तेव्हा विहिरीनंच लाजून वर यावं, यात नवल काय?"

मानाजीराव देशमुख उघड्या डोक्याने पुढे आले. पावसाचे थेंब त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होते. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, माझ्या घरात चिंध्या होत नाहीत म्हणालो होतो. माझ्या बुद्धीच्याच चिंध्या झाल्या होत्या, ते दिसलं नाही."

महाराजांनी त्यांना उठवले आणि म्हणाले, "मला काय नमस्कार करता? वाकळ शिवणारी तिकडे आहे."

देशमुख वळले. ठकूबाई घाबरून मागे सरली. "नको सरकार, नको! पाप लागेल मला!" पण ते वाकलेच. तिच्या सुयांनी टोचलेल्या बोटांना त्यांनी कपाळ लावले.

गडी पटका सोडायला पुढे झाला, तेव्हा देशमुखांनी त्याला थांबवले. "ती गाठ राहू दे. तिथंच शोभतो तो." मग त्यांनी आपल्या ताटातल्या दिंडाचा लहानसा तुकडा हातानेच मोडला आणि जिथे पटका चिंध्यांना मिळाला होता तिथे पदरांच्या आत सरकवला. आज सुई धरायची नव्हती, म्हणून ठकूबाईने वरून आणखी एक गाठ आवळली. दोरीला घास मिळाला.

चिंध्यांचा झोका वडाच्या दुसऱ्या फांदीला बांधला गेला. दिवसभर ज्या मुलीची पाळी येईल ती झुलली, आणि प्रत्येकीला मागून झोका देत होते मानाजीराव देशमुख. त्यांच्या उघड्या डोक्याला पाऊस लागू नये म्हणून चंद्राने आपली बाहुली त्यांच्या टाळूवर बसवली. ते मान न हलवता तिला सांभाळत होते आणि ओसरीत बसलेल्या महाराजांकडे पाहून पुन्हा पुन्हा हात जोडत होते.

माय-बापहो, घरात एखादी चिंधी निघाली तर फेकू नका. कोणाची दोरी कुठे एका घराने कमी पडत असेल, आपल्याला काय माहीत! हरबाजी महाराजांना आमचा दंडवत.