बोटीची उचकी

१९ डिसेंबर. सकाळी खाडीवर धुके, वारा पडलेला, ओहोटी.

एकदा एक वृद्ध मिस्त्री बाहेरगावचे काम आटोपून खाडीकाठच्या आपल्या कारखान्यात परतला, तेव्हा त्याचा शिष्य मोठ्या आनंदात होता. धक्क्याला एका व्यापाऱ्याची प्रवासी बोट लागलेली होती. इंजिन बोटीच्या पोटात, मागे पाण्यात उतरलेला पाय आणि पायाच्या टोकाला पंखा, अशी तिची रचना. गिअर काढताना तिचे इंजिन क्षणभर गुदमरत असे, आणि अलीकडे तर तेवढ्यात बंदच पडत असे.

"उचकी थांबवली, वस्ताद," शिष्य म्हणाला. "इंजिनावर गिअरच्या केबलपाशी एक स्विच आहे. गिअर काढताना तो करंट तोडायचा. त्याच्या तारा काढून टाकल्या."

"आणि गिअर सुटतो?"

"जरा जड जातो. म्हणून लिव्हरला पाइप जोडून दांडा लांब केला."

व्यापारी तिथेच उभा होता. तो म्हणाला, "दोन वर्षं तुम्ही आपलं एकच सांगत होता, केबल बदला, केबल बदला. तुमच्या चेल्याने केबल न बदलता काम केलं. आता वस्ताद कोणाला म्हणायचं ते तरी सांगा."

म्हातारा हसला नाही. त्याने बोटीत चढून किल्ली काढली, खिशात टाकली आणि इंजिनाकडे न पाहताच परत धक्क्यावर आला.

"शेट, उजवा हात द्या."

व्यापाऱ्याने बुचकळ्यात पडून हात पुढे केला. म्हाताऱ्याने आपली चार बोटे आकड्यासारखी वाकवून त्याच्या बोटांत अडकवली आणि ओढायला सुरुवात केली.

"आता सोडवून घ्या. बोटं सरळ करायची नाहीत, बाजूला सरकवून काढायची."

व्यापाऱ्याने हिसके दिले, खांदा लावला. तो जितका जोर करी, तितकी पकड घट्ट होई. त्याचा चेहरा लाल झाला. "अहो सोडा, बोटं मोडतील माझी."

म्हाताऱ्याने क्षणभरच हात सैल केला. बोटे अलगद सरकून बाहेर आली.

"ही तुमची उचकी," तो म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज चढला होता. "पायाच्या आत लोखंडाचे दात असेच एकमेकांत अडकलेले असतात. इंजिन ओढत राहिलं तर ते सुटत नाहीत. म्हणून बनवणाऱ्याने तो स्विच लावून इंजिनाला क्षणभर सैल पडायची सोय करून ठेवली. तुमची केबल गंजून जड झाली, ती अडखळते, म्हणून त्या क्षणाचे तीन-चार क्षण होतात आणि इंजिन बंद पडतं. ते बिचारं ओरडून सांगत होतं, केबल बघा. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. वर याला दुरुस्ती म्हणता?"

मग तो शिष्याकडे वळला. "उद्या बोट कुठे जाणार?"

"पलीकडे. जत्रेला."

"तिथे धक्का आहे?"

"नाही. माणसं मांडीभर पाण्यातून चढतात."

"पंख्यापासून किती लांब?"

 शिष्य खाली मान घालून म्हणाला, "माझी आईसुद्धा तिथूनच चढते. शहाळ्यांची टोपली घेऊन."

"तिथे गिअर सुटला नाही, लांब दांड्याने केबल तुटली, तर तू काय करणार? तिला हाक मारणार?"

व्यापारी उसळला. "बोट माझी आहे, मिस्त्री. जत्रा वर्षातून एकदा येते. आणि सगळेच हा स्विच काढतात."

"बोट तुमची. पाय त्या माणसांचे," म्हातारा म्हणाला. "किल्ली हवी तर घ्या. पण आधी त्या पाण्यात तुम्ही उभे राहा, मी बोट आणतो."

व्यापाऱ्याने पाण्याकडे पाहिले. किल्ली मागितली नाही.

फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणारा, कुकरची शिटी चीड आणते म्हणून तिच्यावर वजन ठेवणारा, हे सारे याच व्यापाऱ्याचे भाऊबंद. आपण त्यांना हुशार म्हणतो. खरे तर त्यांचा संताप यायला हवा, कारण त्रास त्यांचा वाचतो आणि धोका दुसऱ्याच्या पायाशी जाऊन बसतो. एखादी गोष्ट टोचू लागली, तर काढून टाकण्याआधी ती कोणासाठी टोचते आहे एवढे तरी विचारावे.

शिष्याने पाइप काढला. कोणी न सांगता स्विचच्या तारा परत जोडल्या.

बोट जत्रेला गेली नाही. माणसे वल्ह्याच्या होड्यांतून गेली. नवी केबल त्या आठवड्यात आली. शिष्याने बॅटरीची तार सोडवून, म्हाताऱ्याने दिलेली किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून ती बसवली, आणि पंखा हाताने फिरवत दात नीट लागतात व सुटतात हे तपासले. मग बोट पुढून-मागून दोरांनी धक्क्याला बांधली, आजूबाजूच्या पाण्यात कोणी नाही हे पाहिले आणि इंजिन सुरू केले. पुढचा गिअर टाकला. लिव्हर मधे आणून गिअर काढला. इंजिन क्षणभर गुदमरले, पुन्हा चालू लागले. पंखा थांबला.