दवंडीचा चौथरा हलवण्याबाबत

विषय : बाजारचौकातला दवंडीचा चौथरा हलवण्याबाबत दिवाण भानजीपंत यांचा अर्ज.
संदर्भ : येसू कासारणीचे आरसे.

अर्ज करायची वेळ का आली, त्याची हकीकत अशी.

कनकापूरच्या बाजारात येसू कासारीण तीन बायकांना बांगड्या भरत होती. गुरवाच्या सुनेचा उजवा हात भरून झाला होता, डावा अजून मोकळा होता. तेवढ्यात शिपाई आला आणि त्याने एकीला उठायला सांगितलं. परवानगीशिवाय तीनहून जास्त माणसांनी एकत्र बसून बोलायचं नाही, असा नवा हुकूम होता.

"तिघीच तर आहेत," येसू म्हणाली. "मी दुकानदार."

"दुकानदार बोलत होती ना? मग मोजणीत धरली."

उठली ती नेमकी गुरवाची सून. सवाष्णीचा एक हात भरलेला आणि एक मोकळा! सासूला काय सांगायचं या काळजीत, तो हात पदराखाली लपवून ती घरी गेली. बांगड्या काय, कुठेही भरता येतात. पण बायका तिच्याकडे येत त्या बोलायला. ते बोलणंच बंद झालं, तर दुकानात उरलं काय? नुसती काच.

हा हुकूम निघाला कधी, असं तिने विचारलं. शिपाई म्हणाला, "गेल्या बाजारी दवंडी झाली की. तूही होतीस."

होतीच ती. कनकापूरची जुनी रीत अशी, की नवा हुकूम चौथऱ्यावरून पुकारायचा आणि ढोलावर तीन टोले द्यायचे. तिसरा टोला पडायच्या आत एकाने जरी 'हरकत' म्हटलं, तरी हुकूम मागे. पण दवंडीच्याच घटकेला चौकाच्या दुसऱ्या अंगाच्या रस्त्यावरून नटवर्य रूपरावांची हत्तीवरून मिरवणूक निघाली होती. सारं गाव चौथऱ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड वासून उभं. खुद्द येसू टोपलीवर चढली होती आणि त्या भरात दोन डझन बांगड्यांचा चुरा झाला होता.

तिने चार ठिकाणी चौकशी केली. हुकूम कोणीच ऐकला नव्हता. रूपरावांच्या फेट्याचा रंग मात्र सगळ्यांना पाठ होता. चावडीवरची बैठक बंद झाली तेव्हाही रूपराव हत्तीवर होते. घराची झडती केव्हाही घेता येईल असं ठरलं, तेव्हा तर त्यांनी जमावाकडे बघून मिशीला पीळ दिला होता. दवंडीचा मुहूर्त दिवाण काढत, आणि त्यांचं पंचांग फार बारकाईने पाहिलेलं असे.

येसू थेट दरबारात गेली. राजे धवलसिंह मनाने वाईट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. दवंडी रीतसर झाली, हरकत आली नाही, म्हणजे रयतेला हुकूम मान्य आहे, असं त्यांनी ऐकवलं.

"महाराज, रयतेची पाठ होती दवंडीकडे."

"पाठ होती, पण कान तर होते?"

"होते. पण तेही रूपरावांच्याच ओटीत घातलेले."

दरबारात खसखस पिकली. राजे चिडले. पुढच्या बाजारी दवंडीही होईल आणि मिरवणूकही, असं त्यांनी जाहीर केलं. त्या वेळी येसूने साऱ्या गावाला रूपरावांकडे पाठ करायला लावावी, तीही रूपरावांविरुद्ध अवाक्षर न काढता. जमलं तर जमावबंदीचा हुकूम रद्द. नाही जमलं, तर बाजारातून दुकान उठवायचं.

"सूर्य पश्चिमेला उगवायला सांगायचं होतं," दिवाण हसत म्हणाले. "ते सोपं गेलं असतं हिला."

येसूने आठवडाभर एकच केलं. बांगड्या भरायला येणाऱ्या दोघीदोघींसमोर ती एक हातआरसा धरी. हुकुमाबरहुकूम, दोघींहून जास्त कधीच नाहीत. आणि हळूच म्हणे, "रूपरावांना लांबून सगळेच बघतात गं. पण आपलं तोंड आणि त्यांचं तोंड एका चौकटीत, असं कोणी पाहिलंय?"

पुढचं काम बायकांनी केलं. तिसऱ्या दिवशी दुकानातले आरसे संपले. पाचव्या दिवशी न्हाव्याचा आरसा चोरीला गेला.

बाजाराचा दिवस उजाडला. राजे गच्चीत बसले. तुताऱ्या वाजल्या, हत्ती दिसला, आणि सारं गाव गर्रकन वळलं! शेकडो पाठी रूपरावांकडे, शेकडो आरसे हवेत. जो तो मान तिरकी करून, गाल फुगवून आपल्या खांद्यावर रूपराव शोधत होता. हत्तीवर रूपराव मिशीला पीळ देत राहिले. पण समोरून एक डोळा त्यांच्याकडे बघेना.

आणि रस्त्याकडे पाठ केली की समोर येतो तो चौथरा. एक म्हातारा तेली, आरशात काही दिसेना म्हणून वैतागून समोर बघायला लागला. ढोलवाला पुकारत होता: यापुढे दिवाणांच्या परवानगीशिवाय कोणीही महाराजांकडे तक्रार नेऊ नये. एक टोला पडला. दुसरा पडला.

"अरे, हा काय म्हणतोय?" तेली ओरडला. "हरकत!"

बाकीच्यांनी आरसे खाली घेतले. मग जी 'हरकत' उठली, तिने हत्तीसुद्धा बिचकला. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याकडे कोणी पाहिल्याची ही पहिलीच वेळ.

राजे आधी दिवाणांकडे बघत राहिले, मग पोट धरून हसले. जमावबंदी त्यांनी तिथल्या तिथे रद्द केली आणि येसूला विचारलं, "बक्षीस काय देऊ?"

"न्हाव्याला एक आरसा द्या, महाराज. माझं दुकान चाललंय."

राजांनी न्हाव्याला आरसा दिला आणि येसूला सोन्याच्या पाटल्या. त्या दिवशी गुरवाच्या सुनेचा डावा हात भरला. भोवती अकरा बायका बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

दिवाणांचा अर्ज दुसऱ्याच दिवशी आला. गाव आता मिरवणुकीकडे पाठ करून उभं राहतं, तेव्हा चौथरा मिरवणुकीच्या रस्त्याला लागून हलवावा, अशी त्यांची मागणी आहे. त्यावर कचेरीचा शेरा असा : तिकडे हलवल्यास आरसा नसलेल्यांना दवंडी ऐकू येते, इथेच ठेवल्यास आरसा असलेल्यांना. तरी चौथरा नेमका कुठे न्यावा, याचा खुलासा मागवला आहे. खुलासा आलेला नाही. अर्ज प्रलंबित.