राहीमागं धावणारं गाव

फार वर्षं झाली या गोष्टीला. चिंचाळी नदीच्या काठाला आज जिथं नुसते गोटे दिसतात, तिथं तेव्हा बोरखळ नावाचं गाव होतं. नदी दर पावसाळ्यात बोरखळात शिरायची आणि खाली काठावरच्या बाजारपेठेचंही, पेठेचंही, वाटोळं करायची. म्हणून संस्थानानं गावाच्या वरच्या अंगाला मातीचं धरण बांधलं. पूर अडवायचा आणि मग बेताबेतानं सोडायचा, एवढंच त्याचं काम. माती वाहिली ती बोरखळच्या बायकांनी. त्यांत राही गुरवीण होती. पोटात काळी चिकणमाती, वरून तांबडा मुरूम, असं ते धरण टोपलीटोपलीनं चढलेलं तिनं पाहिलं होतं.

पायथ्याशी चार मोऱ्या ठेवल्या होत्या. मातीत मुरलेलं पाणी त्यांतून झिरपत बाहेर पडायचं. बांधणाऱ्या साहेबानं जाताना गावाला बजावलं होतं, "हे पाणी कधी अडवू नका. नितळ आहे तोवर काळजी नाही. गढूळ झालं की सगळं टाकून माळावर पळा." साहेब गेला आणि गाव विसरलं.

पुढं दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, पण मोऱ्यांतलं पाणी येतच राहिलं. मग काय, गंगा प्रकटली! दौलतराव पाटलांनी तिथं देवीचं ठाणं बांधलं, चांदीचा मुखवटा बसवला आणि पूजेला राहीला नेमलं. धार ऐटीत पडावी म्हणून एका मोरीला दगडी गोमुख लावलं, बाकीच्या तिन्ही चुन्यानं बुजवल्या. देखरेखीला आलेल्या नव्या साहेबानं हे सगळं पाहिलं. पाहून केलं काय? बूट काढले, तीर्थ घेतलं आणि प्रसादाचा नारळ काखेत मारून निघून गेला.

राहीही काही बोलली नाही. त्या ठाण्यावर तिची चूल पेटत होती.

मग तो पावसाळा आला. झड काही उघडेना. धरण काठोकाठ भरलं आणि एका सकाळी गोमुखातून तांबडं पाणी पडू लागलं.

"आईनं कुंकू धाडलं गं!" बायका घागरी घेऊन धावल्या. गावानं ते पाणी कपाळाला लावलं. राहीनंही लावलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी धार काळी झाली. "आता काजळ!" म्हणून गावानं हलगी आणली.

राहीनं पूजेसाठी तांब्या भरून ठेवला होता. पाणी ओतलं तर तळाशी काळा गाळ. तिनं तो बोटांत चोळला. हीच चिकणमाती तिनं डोक्यावरून वाहिली होती. ती धरणाच्या पोटातली होती. आई काही धाडत नव्हती, धरणच आतून वाहून चाललं होतं.

ती पाटलांच्या ओसरीवर गेली. साहेब तिथंच चहा पीत बसला होता.

"पाटील, गाव माळावर हलवा. मोरी माती ओकतेय. पेठेलाही सांगावा धाडा."

"राहे, काल कुंकू लावून नाचलीस ती तूच ना?" पाटील हसले. "का, आरतीत काही कमी पडलं?"

"साहेब, तुम्ही तरी येऊन बघा."

"धरण भक्कम आहे, बाई. तसं वर कळवलंय मी."

"न बघताच?"

"या चिखलात?" असं म्हणून साहेबानं बशी तोंडाला लावली. धरणाचा पायथा हाकेच्या अंतरावर होता. पगार त्याच कामाचा होता. पण तेवढं चालणंही त्याच्यानं झालं नाही.

राही दारोदार फिरली. "आईच्या पायाशी राहतो आम्ही, आम्हाला कसली भीती?" एकानं विचारलं. दुसरी म्हणाली, "तूच जा गं वर, आणि तिथनं हात कर आम्हाला!"

तिच्या शब्दावर गाव हलणार नव्हतं. तेव्हा ती ठाण्यात गेली, देवीचा मुखवटा उचलला आणि भर चौकात उंच धरला. "तुमची आई मी नेली! धमक असेल तर सोडवा!" असं ओरडून ती माळाच्या वाटेनं पळत सुटली.

"चोरली! गुरविणीनं आई चोरली!"

अख्खं बोरखळ उठलं. बायकांनी चुली सोडल्या, पुरुषांनी दगड उचलले. आईच गेली तर घरात बसून करायचं काय, म्हणून म्हाताऱ्यांनाही पाठीवर घेतलं. धावणारे मंदावले की राही थांबायची, मुखवटा दाखवायची. "दमलात व्हय? मग घालते हिला सोनाराच्या मुशीत!" की गाव पुन्हा पेटून उठायचं. गुडघाभर चिखलात साऱ्यांचे पाय रुतले, तिचे रुतले नाहीत, असं म्हणतात.

माळावर पोचताच एक दगड तिच्या कपाळात बसला. ती खाली बसली, मुखवटा मांडीवर ठेवला आणि तिनं नदीकडं बोट केलं.

तेवढ्यात धरण फुटलं. गावानं मागं वळून पाहिलं, तर मागं गाव नव्हतं.

पाटील ओसरीवरच राहिले होते. साहेब घोड्यावरून आधीच निसटला होता, पेठेला सांगायला मात्र गेला नव्हता. पुढं त्याला बढती मिळाली. पेठेत त्या दिवशी बाजार भरला होता.

लोक राहीकडं वळले, तर तिथं रक्तानं माखलेला मुखवटा तेवढा होता. कुणी म्हणतं, आईनं तिला पोटाशी घेतलं. कुणी म्हणतं, ज्यानं दगड मारला त्यानंच तिला गुपचूप पुरलं.

आता बोरखळ माळावर आहे. नदीवर नवं धरण झालंय, त्याच्यावर धोक्याचा भोंगाही आहे. तो वाजतो का, हे बघायला कुणी येत नाही. पण दरवर्षी मृगाच्या आधी गुरवाघरची सून मुखवटा घेऊन नदीकाठावरून पळत सुटते आणि गाव तिच्या मागं धावतं. अंथरुणाला खिळलेल्यांना बाजेवर घालून नेतात. पाटलांच्या घरचा माणूस सगळ्यांच्या शेवटी, मागं कुणी राहिलं नाही ना हे बघत येतो. प्रत्येकाच्या हातात दगड असतो आणि तोंडात एकच हाक असते, "राहे, पळ! आम्ही आलो!" वर पोचल्यावर दगड कुणी मारत नाही. सगळे मुकाट्यानं ते एका ढिगावर ठेवतात. त्या ढिगाला कुंकू लावत नाहीत.

मग गावातली सगळ्यात थोरली म्हातारी नदीकडं तोंड करून विचारते, "खाली कुणी राहिलं का?"

"कुणी नाही!" गाव ओरडतं.

खाली, पार पाण्याला टेकून, पेठेची नवी घरं दिसत असतात.

"आणि पेठ?" म्हातारी विचारते.

त्यावर आजवर कुणीही बोललेलं नाही.