डावीकडे की उजवीकडे

"मग यातला खरा कोणता, बाबा?"

नीलकंठ गर्ग्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मांडीवर उघडी वही, वहीत लाल शाईने आखलेले रकाने. धर्म, उगम, ईश्वर, ग्रंथ, मरणानंतर काय. कॉलेजात शिकवून उरलेला अकरा वर्षांचा सगळा वेळ गर्ग्यांनी या रकान्यांत ओतला होता. आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून ते सकाळपासून फकीरबाबांच्या तकियात ठाण मांडून बसले होते.

कासमशा फकीर गळक्या बादलीच्या बुडाला डांबर लावत होते.

त्यांचा तकिया, म्हणजे फकिराची मठी, नदीकाठी. डाव्या हाताला स्मशान, उजव्या हाताला कबरस्तान. गावात बेवारस प्रेत सापडलं की ते आधी इथे यायचं.

"वाच बघू," बाबा म्हणाले.

विद्वानाला वाच म्हटल्यावर तो थांबतो होय?

"हिंदू धर्माला एक असा संस्थापक नाही. बुद्धाला बोध झाला पिंपळाखाली. महावीर चोविसावे, त्यांच्या आधी तेवीस तीर्थंकर. यहुदी इब्राहिमापासून धरतात, ख्रिस्ती येशूपासून. पैगंबरांना पहिला संदेश मिळाला गुहेत. आता मरणानंतरचं बघा. आमच्यात पुनर्जन्म, तुमच्यात कयामत, आणि बौद्ध तर आत्माच मानत नाहीत. सगळे एकदम खरे कसे असतील?"

"नसतील."

गर्गे गडबडले. 'सगळे धर्म एकच' असं बाबा म्हणणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. ते खोडायला चार पानं तयार होती, ती आता वाया गेली.

"उत्तर कुणासाठी पाहिजे तुला?"

"वडिलांसाठी," गर्गे म्हणाले. "शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, नीलू, पुढं काय असतं रे? मी म्हटलं, नीट वाचून सांगतो..."

"मग?"

"पहाटे गेले."

"अंघोळ कुणी घातली?"

गर्ग्यांनी वही मिटली.

"शेजाऱ्यांनी. मी आतल्या खोलीत पुस्तकं चाळत होतो. कुठला विधी खरा, तेच ठरत नव्हतं."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना त्यांना लाज वाटली, आणि अकरा वर्षांनी वाटली म्हणून जास्तच वाटली.

तेवढ्यात बैलगाडी आली. सोबत पोलीस पाटील. गाडीत घोंगड्यात गुंडाळलेला एक म्हातारा, बाजाराच्या ओट्यावर सकाळी मरून पडलेला. त्याला तकियात उतरवून ठेवलं.

"पंचनामा झाला," पाटील म्हणाले. "पण माणूस कुठला, कळत नाही. गळ्यात काही नाही, हातावर गोंदण नाही, खिशात कागद नाही."

गर्ग्यांनी लगबगीने वही उघडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी उपयोगी पडणार होती.

"हिंदू असेल तर दहन. मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर दफन. पारशी असेल तर..."

"आमच्या गावात पारशी कुठला येतोय, मास्तर?" पाटील म्हणाले.

"पण चूक झाली तर? जन्मभर एक श्रद्धा धरली आणि शेवटी भलतीकडेच नेलं, असं व्हायला नको."

"नको," बाबा म्हणाले. "वहीत बघ. जाळायच्या, पुरायच्या आधी काय करतात?"

गर्ग्यांनी पानं उलटली. याचा रकाना त्यांनी आखलाच नव्हता. समासात कुठेकुठे पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

"हिंदू... अंघोळ. मुसलमान, अंघोळ. यहुदी, अंघोळ. शीख... जैन..." त्यांचं बोट थांबलं. "पारशीसुद्धा."

"तुमचं चालू द्या," पाटील म्हणाले. "मी चार गावांत चौकशी करून येतो." गाडी वळली.

बाबांनी बादली गर्ग्यांपुढे सरकवली. बुडाचं डांबर थिजलं होतं.

"बाबा, मी प्रेताला कधी हात लावलेला नाही."

बाबांनी बादली आणखी जवळ सरकवली.

गर्ग्यांनी वही भिंतीशी ठेवली, बाह्या दुमडल्या आणि नदीवर गेले. अर्धी बादली भरून आणली. एक थेंब गळला नाही. प्रेत येतंय हा निरोप गर्गे यायच्या आधीच आला असावा, कारण चुलीवर हंडा केव्हाचा तापत होता. सकाळपासून समोर बसूनही तो गर्ग्यांना दिसला नव्हता.

हंड्यातलं कढत पाणी ते तांब्याने बादलीत घालू लागले.  मनातला प्रश्न मात्र थांबेना.

"आणि अंघोळ झाल्यावर, बाबा? पाटलांना काही कळलंच नाही तर? डावीकडे की उजवीकडे?"

बाबा म्हाताऱ्याच्या अंगावरचं घोंगडं सोडवत होते. वर न बघता म्हणाले,

"आधी पाण्यात हात घालून बघ. तुझ्या बापाला सोसलं असतं, तेवढंच गरम ठेव."