बुवांच्या शेजारची जागा

"…पण रोज पहाटे चालायला त्यालाच का नेता, बुवा?"

"कुणाला?"

"त्या शिंप्याला. रंगनाथला."

"तो उठलेला असतो."

"आणि मी उठलो तर?"

"तर तूही ये."

"तुमच्या शेजारी?"

विश्रामबुवा हसले. "पाटाच्या कडेची वाट अरुंद आहे रे. माझ्या शेजारी एकच मावतो. तू मागनं ये. गाठलंस, तर शेजारी चाल."

"तुम्ही थांबणार नाही?"

"नाही रे," विश्रामबुवा म्हणाले, आणि पुढ्यातल्या शेंगा सोलू लागले.

त्रिंबकशास्त्री पाय आपटत आपल्या खोलीत गेला. पाय आपटला तसा गुडघा ठणकला. त्याचाही राग त्याने रंगनाथवरच काढला.

सीना नदीच्या काठावरच्या त्या छोट्या मठात त्रिंबकशास्त्रीला एक तप झालं होतं. पूजा त्याची, पोथी त्याची, प्रवचन त्याचं. आवाज असा की नदीपलीकडची गुरं मान वर करून बघत. विद्वत्तेत कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. शरीराचं म्हणाल तर सगळा आनंदच होता. पोट पुढे, दम अपुरा, जेवण झालं की ढेकरांची माळ आणि रात्री झोपेच्या नावाने शंख. उशाशी हिंगाष्टकाची बाटली ठेवून तो पहाटेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर होई.

बुवा म्हणत, "त्रिंबक, जेवल्यावर शतपावली तरी घाल."

शास्त्रीबुवा ती बसल्या जागी, मनातल्या मनात घालत. एकदा त्यांनी चालण्याच्या महतीवर प्रवचन केलं. चालण्याने अग्नी प्रदीप्त होतो, रक्त फिरतं, मन हलकं होतं, सगळं सांगितलं. लोक डोलले. मग खुद्द शास्त्रीबुवांना व्यासपीठावरून उतरवायला दोन माणसं लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गावाने ते ओळखलं होतं, पण शास्त्रीबुवांना कोण सांगणार?

विश्रामबुवांचं सगळं उलटं. नाव विश्राम, पण पायांना विश्राम ठाऊक नाही. ऐंशी ओलांडली तरी रोज पहाटे पाटाच्या कडेने म्हसोबाच्या दगडापर्यंत जात आणि परत येत. थंडी असो, चिखल असो. तालुक्याचे डॉक्टर मठात आले तर ते आमटी प्यायला. बुवांची नाडी बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आणि रंगनाथ? तो मठात राहायला आला गेल्या वर्षी. उभा जन्म शिवणयंत्रावर बसून गेलेला. साखरेचा आजार, पाय सुजलेले, तळव्यांची जाणीव गेलेली. बुवांनी त्याला चूर्ण दिलं नाही की अंगारा दिला नाही. म्हणाले, "डॉक्टरांच्या गोळ्या घे, आणि पहाटे माझ्याबरोबर चल."

तेवढंच. तेव्हापासून रंगनाथ रोज बुवांच्या शेजारी.

आता यात जळण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. तर मठाची रीत ऐका. या मठाची गादी कागदावर लिहून देत नाहीत, की मंडप घालून देत नाहीत. गुरू चालता चालता शिष्याच्या कानाशी वाकतो आणि गादीचा मंत्र सांगतो. झालं. विश्रामबुवांना त्यांच्या गुरूंनी याच पाटाच्या कडेने गादी अशीच दिली होती, अशी बोलवा होती. काय सांगितलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्रिंबकशास्त्रीला ते हवं होतं. बारा वर्षं त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि ते पाटाच्या कडेने एका शिंप्याच्या कानात चाललं होतं. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठला. उठला म्हणजे काय, झोपलाच नव्हता.

दोघं पुढे निघून गेलेले. हा मागून धापा टाकत. पाटावरच्या पहिल्या मोरीच्या कठड्यावरच त्याने बैठक मारली. तिथून त्याला दिसलं. लांब, चिंचेपाशी बुवा रंगनाथच्या कानाशी वाकले. काही बोलले. रंगनाथने वळून मागे पाहिलं… आणि हसला.

वाकुल्या दाखवतोय मेला!

त्रिंबकशास्त्री ताडकन उठला. गुडघ्याचं दुखणं त्या क्षणी तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग रोजचंच झालं ते. पहाट झाली की दोघं पुढे, हा मागे. दसरा गेला, दिवाळी गेली. बुवा रोज वाकत. रंगनाथ रोज वळून बघे आणि रोज हसे. दोन सवतींचा मत्सर परवडला, असा याचा जीव जळे. बुवा काय सांगतात ते ऐकायचं, तर जवळ जायला हवं. जवळ जायचं, तर भराभर चालायला हवं. म्हणून तो भराभर चाले. मोरी मागे पडली. काही दिवसांनी चिंच आली. थंडी सरता सरता तो त्या दोघांपासून हाकेच्या अंतरावर येऊन पोचला.

एक दिवस वाढताना मठात रांधणारी सगुणाबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, तिसरी भाकरी? तब्येत मानवली की तुम्हाला!"

"कसली मानवतेय!" तो खेकसला. "इथं जीव जळतोय माझा."

"जळू द्या. पन ढेकरा थांबल्या बगा."

त्याने हात थांबवला. खरंच थांबल्या होत्या. कधीपासून, ते त्यालाही आठवेना. हिंगाष्टकाच्या बाटलीवर धूळ बसली होती. आणि झोप! पाठ टेकली की घोरायला सुरुवात. आता निराळीच पंचाईत झाली होती. पहाटे जाग आली नाही, आणि नेमका त्याच दिवशी मंत्र दिला गेला तर? त्या धास्तीने तो कोंबड्याच्या आधी उठून बसे.

शेवटी त्याने विहिरीवर रंगनाथला गाठलं. "काय रे, बुवा रोज तुझ्या कानात काय सांगतात?"

रंगनाथ लाजल्यासारखा हसला. "सांगत नाहीत हो शास्त्रीबुवा. इचारतात."

"काय विचारतात?"

"ते… कुणाला बोलायचं नाही म्हणालेत."

झालं! आगीत तेलच पडलं. प्रश्न विचारतात, म्हणजे परीक्षा घेतात. परीक्षा घेतात, म्हणजे लायकी बघतात. शिंप्याची लायकी! त्रिंबकशास्त्रीने भरलेली घागर तशीच विहिरीवर सोडली. सबंध दिवस त्याचं पोथीत मन लागलं नाही.

रंगनाथच्या मऊ तळाच्या वहाणा होत्या. डॉक्टरांनी मुद्दाम करून घ्यायला लावलेल्या. पायात काही रुतलं तर याला कळत नाही, जखम झाली तर लवकर भरत नाही, म्हणून एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही अशी ताकीद होती. रंगनाथ त्या फक्त निजताना काढी आणि उंबऱ्याशी जोडीने ठेवी.

त्या रात्री रंगनाथ निजल्यावर शास्त्रीबुवांनी त्या उचलल्या आणि गोठ्यातल्या कडब्यामागे टाकल्या.

त्यात वाईट काय? वहाणा नाहीत म्हटल्यावर येणार नाही. एक दिवस मठातच बसेल. कुणाचं काय बिघडतं? एकच दिवस तर हवा होता त्याला. असं मनाला बजावत तो झोपला. झोपही छान लागली. मत्सराला लाज कमीच असते.

पहाटे रंगनाथ उंबऱ्याशी चाचपडत होता.

"काय शोधतोस?" बुवांनी विचारलं.

"वहाना दिसंनात."

"मग आज राहू दे."

"नको बुवा. एक दिस बसलो की दुसऱ्या दिशी बसावंच वाटतंय. जपून टाकतो पाय."

बुवांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्रिंबकशास्त्रीकडे पाहिलं. तिघं निघाले.

रंगनाथ आज हळू चालत होता, आणि म्हणून बुवाही. मोरीच्या पुढे गेल्यागेल्याच त्रिंबकशास्त्रीने दोघांना गाठलं. दम लागला नव्हता. गुडघा कुरकुरला नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या गुरूच्या खांद्याला खांदा लावायला येऊन पोचला होता.

"गाठलंस की," बुवा म्हणाले.

रंगनाथ लगेच बाजूला झाला. तोंडभर हसला. "या, या शास्त्रीबुवा! इथं चाला. माझी आज चाल मंद हाय, मी येतो मागनं."

एवढं चांगलं वागायची याला गरज काय, याचाही त्रिंबकशास्त्रीला राग आला. पण तो क्षणभरच. मग तो बुवांच्या शेजारी गेला, आणि पाटाचं पाणी, वरचं फटफटणारं आभाळ, सगळं एकदम त्याचं झालं.

बुवांनी चाल वाढवली. त्यानेही वाढवली. पाय सहज पडत होते.

मागून पावलांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो अडखळत येऊ लागला. मग येईनासा झाला. त्रिंबकशास्त्रीच्या ते कानावर होतं. त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर ही जागा हातची गेली असती, असं काहीसं त्याला वाटलं.

चिंच आली.

बुवांची चाल सावकाश झाली. त्यांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि ते त्याच्या कानाशी वाकले…

त्रिंबकशास्त्रीने श्वास रोखून धरला. डोळे मिटले. बारा वर्षं त्या एका कानात गोळा झाली.

"बघ रे," बुवा पुटपुटले, "रंगनाथ येतोय का मागनं?"

…

पाटातून एक वाळकी काटकी वाहत गेली.

"एवढंच?" त्रिंबकशास्त्रीने डोळे उघडले. "त्यालाही… रोज हेच विचारत होता?"

"त्याला तुझं विचारायचो."

"माझं?"

"हं. तो बघून सांगायचा. मोरीपाशी बसलेत, बुवा. आज मोरी ओलांडली. आज धाप कमी हाय. फार आनंद व्हायचा त्याला."

कडब्यामागच्या त्या वहाणा त्रिंबकशास्त्रीच्या डोळ्यांपुढून हलेनात. तरीही… माणसाचा जीव किती चिवट बघा, तरीही आत ते एक शिल्लकच होतं, आणि ते बाहेर पडलंच.

"आणि गादीचा मंत्र, बुवा? तो कुणाला देणार?"

विश्रामबुवांनी खांद्यावरचा हात काढला नाही.

"आधी मागं बघ, त्रिंबक," ते म्हणाले. "येतोय का सांग."