गंजीतली धग

गवतकापणीच्या दिवसांत एकदा एक वृद्ध साधू आपल्या शिष्यासह माळावरच्या एका गावी, रायाजी नावाच्या शेतकऱ्याकडे दुपारच्या जेवणाला गेले. दारात पोचताच त्यांना दिसले, की रायाजीची सून भिवरा भर उन्हात गोठ्यातली जनावरे सोडून लांब बाभळीखाली नेऊन बांधते आहे आणि ओट्यावरून सासरा तिच्यावर ओरडतो आहे.

साधूंनी जवळ जाऊन विचारले, "बाई, या वेळी जनावरे बाहेर का?"

"बाबा, गोठ्याला लागूनच गंजी रचलीय. पेंढ्या बांधल्या तेव्हाच मधलं गवत ओलं होतं. मामंजींना म्हटलं, अजून दोन उन्हं खाऊ द्या. आता आतून वाफ निघतेय, करपट वास येतोय. पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, तोंड कमी चालव."

साधू तडक गंजीपाशी गेले. कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि झटकन बाहेर काढला.

"पाणी आणा! गंजी पाडा!" ते गरजले.

त्यासरशी रायाजी आणि त्याचे दोन्ही मुलगे धावले. मधल्या पेंढ्या काळ्या पडल्या होत्या. त्या उघडताच धुराचा लोट उठला. घागरींमागून घागरी ओतल्या, तेव्हा कुठे गोठा वाचला.

रायाजीने साधूंचे पाय धरले. "महाराज, धन्य तुमची दिव्यदृष्टी!"

साधूंनी पाय मागे घेतले. पाने वाढली गेली, पण ते पानावर बसेनात. शिष्य गोंधळला. "गुरुदेव, यजमान एवढे कृतज्ञ आहेत. मग अन्नाचा अव्हेर कशासाठी?"

"कृतज्ञ? कोणाविषयी?" साधूंचा आवाज संतापाने थरथरत होता. "या मुलीने पेंढ्या स्वतःच्या हातांनी बांधल्या. ओल तिच्या बोटांना कळली. तिने दोनदा सांगितले, तर ती तोंडाळ ठरली. तिचेच शब्द उसने घेऊन मी बोललो, तर मी द्रष्टा! रायाजी, गोठा जळून गेला असता तरी तू हिलाच बोल लावला असतास. जिचा शब्द या घरात कोणी ऐकत नाही, तिच्या हातचे अन्न मी कोणत्या तोंडाने खाऊ?"

रायाजीची मान खाली गेली. मग तो सुनेसमोर जाऊन हळू आवाजात म्हणाला, "पोरी, राहिलेल्या गवताचं काय करू?"

भिवराच्या डोळ्यांतला राग अजून विझला नव्हता. "माळावर पसरा. आणि मी सांगेपर्यंत एकही पेंढी बांधू नका."

"बरं," म्हणून रायाजीने दाताळे उचलले.

शिष्य त्याच्यामागे निघाला. आजवर बोलणाऱ्याचा मान पाहूनच आपणही बोलणे खरे मानत आलो, हे त्याला उमगले आणि त्याची त्याला लाज वाटली.