केरसुणी घरी आली

घंटागाडी नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. भागाकाकूंची झिजलेली केरसुणी त्या गाडीतून कचऱ्यापासून वीज करणाऱ्या भट्टीवर आली.

"लक्ष्मीपूजनाला काकू मला हळदकुंकू वाहायच्या. एकदा तरी घरी जायचंय गं!" ती म्हणाली.

"कसली लक्ष्मी? आता तू कचरा!" त्याच घरची फाटकी चप्पल हसली.

तेवढ्यात दोघी भट्टीत पडल्या. धडाडून पेटल्या! पाण्याची वाफ झाली, वाफेनं चाक गरगरलं आणि वीज होऊन दोघी तारेतून सुसाट धावल्या.

दिवेलागणीला काकूंनी बटण दाबलं. दिवा लागला, तसे त्यांनी रोजच्यासारखे हात जोडले.

"चपले, बघ, घरी आलो!" केरसुणी लखलखली.

चप्पल हळूच म्हणाली, "मला आजवर कुणी हात जोडले नव्हते गं."